सेवेत देव भेटतो का?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, किरकोळ दुरुस्त्यांसह.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला, 'सेवा हीच ईश्वरपूजा'. मी म्हटलं, अहो, मी बँकेत 36 वर्षं काढलेला माणूस. व्याज, तारण, थकबाकी यावर बोलायला सांगा. तर समितीच्या ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही वाचता ना रोज काहीतरी, त्यातलंच सांगा." वाचतो हे खरं आहे. पण वाचलेलं सांगणं आणि खरं सांगणं यात फरक असतो. म्हणून आज थोडं वाचलेलं सांगतो आणि मग एक खरं सांगतो. ते खरं आपल्याच सोसायटीतलं आहे आणि त्यात माझी शोभा नाही. पण पंचवीस वर्षं पूर्ण होताना ताळेबंद मांडायचा तर तो खरा मांडावा. येणं दाखवायचं आणि देणं लपवायचं, हे ऑडिटला चालत नाही.

आधी वाचलेलं. नाथ महाराजांची गोष्ट आपल्या सगळ्यांना आईच्या मांडीवर बसून ऐकलेली आठवत असेल. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला घातली की यात्रा पुरी होते. एवढी पायपीट करून आणलेलं पाणी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात नाथांनी ओतलं. बरोबरचे लोक हळहळले. नाथ म्हणाले, माझा रामेश्वर इथेच पावला. लहानपणी आपण ही गोष्ट ऐकून गाढवाची कीव करायचो. आता या वयात मला त्या बरोबरच्या लोकांचा विचार जास्त येतो. त्यांच्याही खांद्यावर कावडी होत्या. त्यांनाही गाढव दिसलं होतं. त्यांच्या कावडी रामेश्वराला पोचल्याही असतील. पण गोष्टीत त्यांची नावं नाहीत.

दुसरे गाडगेबाबा. जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा आणि जेवायला-पाणी प्यायला एक फुटकं गाडगं. त्यावरूनच लोकांनी नाव ठेवलं. एखाद्या गावात गेले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि रस्ते, गटारं झाडायला लागायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करून लोकांची डोकी झाडायची. कीर्तन तरी कसं? प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला, देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका. कोणी पाया पडायला आलं की त्याला पिटाळायचे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, त्या गोरगरीब वारकऱ्यांसाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. एवढा पैसा हातून गेला, पण 1956 साली गेले तेव्हा स्वतःजवळ काय होतं? खराटा आणि गाडगं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर उलाढाल प्रचंड आणि शिल्लक शून्य. असं खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही.

तिसरे बाबा आमटे. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती पुढे माझ्या कामाला आली. हिंगणघाटचा हा जमीनदाराचा मुलगा. वकील झालेला, वरोऱ्याच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष. मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांचं काम काय असतं ते कळावं म्हणून स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी वाहिलेला. म्हणजे भित्रा माणूस नव्हे. पण एकदा पावसात रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी शेवटच्या अवस्थेत पडलेला दिसला आणि बाबा घाबरून तिथून निघून गेले. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. ज्या भीतीने आपण पळालो ती भीती घेऊन जगायचं नाही, असं ठरवून ते परत फिरले आणि त्या माणसाची सेवा केली. पुढचं आनंदवन आपण सगळे जाणतो. गंमत अशी की बाबा काही टाळ-मृदंगवाले नव्हते. देवाधर्माची भाषा त्यांच्या तोंडी फारशी नसायची. पण आनंदवनात जाऊन आलेली माणसं, देवळातून आल्यासारखी गप्प होऊन परत येतात. मी स्वतः 1987 मध्ये नागपूरला बदलीवर असताना जाऊन आलो, म्हणून सांगतो.

इथवर वाचलेलं. टाळ्या वाजवू नका, खरं अजून पुढे आहे.

मी 2009 साली निवृत्त झालो आणि दोनच महिन्यांत तुम्ही मला सोसायटीचा खजिनदार केलंत. 2010 च्या पावसाळ्यात माझ्या बाथरूमच्या छताला ओल आली. मग रंग सुटला, पोपडे पडले, पुढे पाणी ठिबकायला लागलं. बरोबर वर ज्यांचा फ्लॅट होता ते शेजारी. त्यांचं नाव मी घेणार नाही, जुने सभासद ओळखतीलच. वहिनी आता बंगलोरला मुलीकडे असतात. हे सांगू का, म्हणून मी त्यांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सांगा. पण अर्धवट सांगू नका." म्हणून पुरतं सांगतो.

मी वर गेलो आणि म्हणालो, तुमच्या बाथरूमची गळती आहे, फरशी काढून वॉटरप्रूफिंग करून घ्या. ते म्हणाले, माझ्याकडे गळती नाही. शब्दाला शब्द वाढला. मी कमिटीत पत्र दिलं, त्यांनी उलट पत्र दिलं. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आम्ही दोघं असे भांडलो, की चहा-वेफर्स तसेच राहिले. त्यानंतर बोलणं बंद. लिफ्टमध्ये ते असले की मी जिना चढायचो. हे एकदोन महिने नाही, दहा वर्षं.

आता यातला लपवलेला भाग. त्याच वर्षी मी माझ्या खर्चाने एक प्लंबर आणला होता. त्याने डक्टमध्ये उतरून पाहिलं आणि मला सांगितलं, "साहेब, वरच्यांचा दोष नसावा. डक्टमधला मोठा सांडपाण्याचा पाइप जॉइंटला फुटलाय, पाणी भिंतीतून तुमच्याकडे येतंय." म्हणजे काम सोसायटीचं. सामायिक पाइप, खर्च सोसायटीचा. मी खजिनदार. फंडात पैसे कमी. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सभेत मी इतका आवाज चढवून बोललो होतो, की आता 'चूक झाली' म्हणायला जीभ वळेना. मी ते कोणाला सांगितलं नाही. 2014 साली सगळ्या इमारतीचे पाइप बदलले आणि माझी ओल थांबली. वरच्या फ्लॅटची एक फरशीसुद्धा निघाली नव्हती, तरी थांबली. तेव्हा तर मला पक्कं कळलं. तेव्हाही मी वर गेलो नाही. रोज सकाळी आंघोळ करून मी गीतेचा बारावा अध्याय म्हणतो. भक्ताची लक्षणं सांगायला भगवंत सुरुवात करतात ती द्वेष न करण्यापासून. ते म्हणताना माझं लक्ष वर छताकडे जायचं आणि मी आवाज थोडा वाढवायचो. वाढवला की ऐकू येत नाही. आतलं.

2020 च्या जानेवारीत त्या शेजाऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरी आणलं, दिवसा-रात्रीला ब्युरोचे दोन ब्रदर ठेवले. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. लोकल बंद, ब्रदर येईनात. मुलगी बंगलोरला अडकली. घरात वहिनी एकट्या, वय अडुसष्ट, मणक्याचा त्रास. त्यांनी आमच्या घरी फोन केला. फोन आमच्या मंडळींनी घेतला. "भाऊजींना जरा पाठवता का, यांना कुशीवर वळवायचंय."

मी काय केलं? मी मंडळींना खुणेनं सांगितलं, की कमिटीची नोटीस आहे, कोणी कोणाच्या घरी जायचं नाही म्हणून सांग. नोटीस होती, हे खरं. मी एकाहत्तर वर्षांचा, ब्लड प्रेशरवाला, तेही खरं. आयुष्यभर नियमावर बोट ठेवून माणसं परत पाठवायची सवय, तीही कामाला आली. मंडळींनी तसं सांगितलं आणि फोन ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री दोनच्या सुमाराला वर धप्पकन आवाज झाला. मग काहीतरी सरकवल्याचा आवाज. थांबायचा, पुन्हा यायचा. वहिनी त्यांना जमिनीवरून उचलायचा प्रयत्न करत होत्या. माझ्या पलंगाच्या बरोबर वर. मंडळीही जाग्या होत्या, मला कळत होतं. आम्ही दोघं अंधारात छताकडे बघत पडलो होतो. मला त्या वेळी बाबा आमटे आठवले. ते पळाले ती गोष्ट आठवली, परत फिरले ती नाही. साधारण वीस मिनिटांनी मी उठलो. ती वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मास्क लावला, चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला फोन केला. तो काही न विचारता चड्डी-बनियनवर खाली आला. आता तो जर्मनीत आहे. आम्ही वर गेलो. वहिनी दार उघडून म्हणाल्या, "या भाऊजी." एवढंच. दहा वर्षांचं काही काढलं नाही.

आम्ही त्यांना चादरीवर घेतलं. चादरीची झोळी केली की दोघांना उचलता येतं, हे त्या मुलाला इंटरनेटवर सापडलं. आम्हाला पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, माझा राग आहे. नंतर कळलं की लाज होती. ज्याच्याशी दहा वर्षं ताठ मानेनं वागलो, त्यानं आपल्याला या अवस्थेत पाहावं, याची.

मग रोज जायला लागलो. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री दहा. डॉक्टर फोनवर सांगायचे तसं करायचं. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मधल्या वेळी वहिनी उशा सरकवून जमेल तसं करायच्या. पातळ पाणी द्यायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं, म्हणून सगळं घट्ट करून चमच्या-चमच्यानं भरवायचं, तेही बसवून. डायपर बदलायचा, अंग पुसायचं. मी माझ्या मुलांचं कधी केलेलं नव्हतं, खरं सांगतो. पहिले चार दिवस घरी येऊन जेवण जायचं नाही.

आणि मी वही घातली होती! जुनी सवय. तारीख, वेळ, काय केलं. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सेवा'. आता वाटतं, ती कोणाला दाखवायला लिहीत होतो? वहिनींना? कमिटीला? बहुधा वर दाखवायला. की बघा, माझ्या खात्यात एवढं जमा झालं, आता ते जुनं नावे टाकलेलं वजा करा.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी त्यांची दाढी करत होतो. हात थरथरतो माझा, म्हणून सावकाश. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मग बाथरूमकडे बोट दाखवलं, मग खाली जमिनीकडे, म्हणजे माझ्या घराकडे. आणि तो एकच हात छातीशी नेऊन नमस्कार केला. ते माझी माफी मागत होते. गळतीबद्दल. जी त्यांची नव्हतीच.

वस्तरा बाजूला ठेवला मी. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. प्लंबर काय म्हणाला ते, 2014 चं, सगळं. "तुमची चूक नव्हती. मला माहीत होतं," असं म्हणालो. हे सांगताना मला रडू आलं, एकाहत्तराव्या वर्षी. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता मनगट सोडतील. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि अर्ध्या चेहऱ्यावर साबण राहिला होता तिकडे बोट दाखवलं. म्हणजे, दाढी पुरी करा!

बंधू-भगिनींनो, तुम्ही मला विषय दिलात की सेवेत देव भेटतो. मला काही प्रकाश दिसला नाही, घंटा वाजल्या नाहीत. पण त्या खोलीत आम्ही दोघंच होतो आणि आम्ही दोघंच आहोत असं मला वाटत नव्हतं, एवढं मात्र शपथेवर सांगतो. देवळात मी पन्नास वर्षं हात जोडले, पण तिथे मी मागणारा असायचो. इथे मागायला काही उरलंच नव्हतं. कोणी म्हणेल, मन मोकळं झाल्याचा परिणाम आहे. असेल. मला वाद घालायचा नाही. पण त्या दिवशी रात्री मी वही लिहिली नाही. दुसऱ्या दिवशीही विसरलो. ती वही अजून कपाटात आहे, 17 एप्रिलला संपलेली.

जूनमध्ये ब्रदर परत यायला लागले. तरी दाढी मीच करायचो, रविवारी आणि गुरुवारी. 2022 च्या दिवाळीनंतर ते गेले.

यातून मला जे समजलं ते थोडक्यात सांगतो. एक, सेवेला मन चांगलं असावं लागतं, मग सेवा होते, असं आपण समजतो. माझं मन चांगलं नव्हतं. हात आधी गेले, मन मागून आलं. तेव्हा मन तयार होण्याची वाट पाहू नका. दोन, ज्याची सेवा करतो तो आपला ऋणी नाही. त्या खोलीत जास्त कोणाला मिळालं, हे मला ठाऊक आहे. तीन, सेवा घेणं हे करण्यापेक्षा अवघड. गेल्या वर्षी माझा गुडघा बदलला. सहा आठवडे मला बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागायचं. तेव्हा मला तो भिंतीकडे वळलेला चेहरा कळला. म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना सांगतो, वेळ आली की 'मला कोणाची गरज नाही' हा हट्ट सोडा. तुम्ही दार उघडलंत, तरच दुसऱ्याला आत येता येईल.

आणि एक सावधगिरी. सेवेच्या नावाखाली वहिनींसारख्या बाईला चोवीस तास एकटीनं खपू देणं आणि वर तिला 'सती सावित्री' म्हणणं, यात देव नाही. ती सेवा नव्हे, ती आपली सुटका. घरात दुखणं असेल तर ते चार खांद्यांवर वाटून घ्यायला हवं, शेवटचं वाटून घेतो तसं, पण माणूस जिवंत असताना.

आता खजिनदार म्हणून, माजी खजिनदार म्हणून, तीन ठराव मांडतो. अनुमोदन तुम्ही द्या.

पहिला. आपल्या तिन्ही विंगमध्ये एकेकटे राहणारे किंवा दोघंच म्हातारे असे सभासद आहेत. प्रत्येकाला दोन शेजारी जोडून द्यावेत. त्यांच्याकडे जादा चावी, डॉक्टरांचा नंबर, मुलांचा नंबर, चालू गोळ्यांची यादी. सकाळी दहापर्यंत दारावरचं दूध उचललं गेलं नसेल तर बेल वाजवायची. याला पैसा लागत नाही.

दुसरा. आपण रौप्यमहोत्सवासाठी कमान उभारली, चांगली झाली आहे. पण आपल्या वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा नाही, आणि झाडणाऱ्या मावशींना हात-पाय धुवायला, जरा टेकायला जागा नाही. पंचवीस वर्षांत मी दहा वेळा बजेट केलं, एकदाही ते त्यात आलं नाही. गाडगेबाबांचा फोटो ऑफिसात लावलेला आहे, त्याच्या समोर बसून केलं बजेट. ही माझी चूक. पंख्याचे पैसे मी आणून दिले आहेत. पावती नको, पाटी तर नकोच. जागेचं मात्र सगळ्यांनी मिळून करायचं आहे.

तिसरा ठराव खासगी आहे. आपल्यातले जे कोणी एकमेकांशी बोलत नाहीत, पार्किंगवरून, आवाजावरून, गळतीवरून, आणि अशी मंडळी इथे बसलेली आहेत, मला दिसतायत, लांब लांब बसलेली, त्यांनी आरती झाल्यावर प्रसाद घ्यायला एकत्र उभं राहावं. मी दहा वर्षं थांबलो. मला बोलायची संधी मिळाली तेव्हा समोरच्याची वाचा गेली होती. त्याचं 'असू दे हो' हे मला कानांनी ऐकायला मिळालं नाही, हातावर थोपटलं तेवढ्यावर भागवावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

माझा वेळ संपला, घंटा दोनदा वाजली आहे. आरतीची वेळ झाली. गणपतीला मी आज एकच मागतो, आपल्या सोसायटीत कोणाच्या घरी रात्री धप्पकन आवाज झाला, तर खालच्याला वीस मिनिटं लागू नयेत.

गणपती बाप्पा मोरया!